नग्न होणे आणि नागवले जाणे

मराठीत 'नागवणे' हे एक विलक्षण क्रियापद आहे. 'सावकाराने त्याला नागवले' असे आपण म्हणतो, तेव्हा सावकाराने कोणाचे कपडे उतरवले असे आपल्याला म्हणायचे नसते. शेत, बैल, घर, गाठीला बांधलेले चार पैसे काढून घेतले, असा त्याचा अर्थ असतो. घरदार गेलेले कुटुंब 'उघड्यावर पडते'. सुनेला 'नेसत्या वस्त्रानिशी' घराबाहेर काढले जाते. या सगळ्या वाक्प्रचारांत उघडेपणा म्हणजे लूट आहे, निराधारपण आहे. दुसरीकडे याच भाषेत 'दिगंबर' आणि 'अवधूत' हे शब्द आहेत. दिशा हेच ज्याचे वस्त्र, त्याचे नाव आईबाप मुलाला हौसेने ठेवतात आणि दत्तसंप्रदायाचा नामघोषही त्याच शब्दाने होतो. म्हणजे एकाच स्थितीकडे भाषा दोन बाजूंनी पाहते. एक नग्न होणे, आणि दुसरे नागवले जाणे. पहिल्यात वस्त्र सोडणारा स्वतः कर्ता असतो; दुसऱ्यात कर्ता दुसराच कोणी असतो.

या भेदाची आठवण व्हावी असे एक निमित्त दरवर्षी जूनच्या सुमारास येते. युरोप-अमेरिकेतील कित्येक शहरांतून शेकडो, कुठे हजारो स्त्री-पुरुष विवस्त्र होऊन सायकलवरून फेरी काढतात. 'वर्ल्ड नेकेड बाइक राइड' या नावाने ही फेरी ओळखली जाते. आपल्याकडे ती बातमी वृत्तपत्राच्या कोपऱ्यात, बेताने कापलेल्या छायाचित्रासह येते आणि तिच्यावर दोन ठरीव प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणते, ही पाश्चात्त्यांची थेरे. दुसरी म्हणते, आपल्याकडे नागा साधू शतकानुशतके भर रस्त्याने चालत आले आहेत, तेव्हा आपल्याला त्यात नवल ते काय! दोन्ही प्रतिक्रिया इतिहासाची फारशी विचारपूस न करता दिल्या जातात. उघड्या शरीराने, समूहाने, गावातल्या रस्त्यावरून जाणे म्हणजे नेमके काय, ते कोणाला साधते आणि कोणाच्या परवानगीने, हे तपासायचे असेल तर नाशिक जिल्ह्यासारखी जागा नाही. आणि नाशिक जिल्ह्यातही घोटीपासून आरंभ करणे सोयीचे आहे.

कसारा घाट चढून इगतपुरी ओलांडली की मुंबई-आग्रा रस्त्यावर घोटी लागते. भाताच्या पट्ट्यातले, भातगिरण्यांचे, बाजाराचे हे गाव. येथून एक वाट सिन्नरमार्गे शिर्डीकडे फुटते, एक भंडारदऱ्याकडे आणि एक वैतरणेच्या बाजूने त्र्यंबकेश्वराकडे. घोटीपासून जवळच कावनई आहे. तेथला किल्ला गिर्यारोहकांना ठाऊक असतो. भाविकांना ठाऊक असते ते कपिलधारा तीर्थ. कपिलमुनींनी येथे तप केले अशी श्रद्धा आहे आणि सिंहस्थ कुंभमेळ्याचे मूळ स्थान कावनईच, त्र्यंबक आणि नाशिक ही नंतरची, असे येथील परंपरा ठामपणे सांगते. परंपरा म्हणजे दस्तऐवज नव्हे. परंतु सिंहस्थात साधूंची पावले आजही कपिलधारेकडे वळतात आणि घोटीच्या पंचक्रोशीला भस्म फासलेले दिगंबर शरीर अनोळखी नाही, एवढे खरे.

गुरू सिंह राशीत असताना गोदावरीकाठी भरणाऱ्या या पर्वाचे आजचे रूप मात्र परंपरेपेक्षा राजकीय निवाड्यांनी अधिक घडवले आहे. शैव संन्यासी आणि वैष्णव बैरागी यांच्यात आधी स्नान कोणी करायचे, यावरून अठराव्या शतकात रक्तपात झाला आणि पेशवाईत दोघांची स्नानस्थाने वेगळी करण्यात आली. शैवांनी त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात स्नान करावे, वैष्णवांनी नाशिकला रामकुंडात. ती वाटणी अजून टिकून आहे. एकूण तेरा आखाड्यांपैकी सात शैव आणि तीन उदासीन-निर्मल असे दहा त्र्यंबकला असतात; निर्वाणी, निर्मोही आणि दिगंबर या तीन वैष्णव अनी नाशिकला. गंमत अशी की नावाने 'दिगंबर' असलेल्या अनीतील बैरागी वस्त्रे नेसतात आणि खरे दिगंबर ते त्र्यंबकला, जुना, महानिर्वाणी, निरंजनी अशा नावांच्या आखाड्यांत.

नागा संन्याशाच्या दीक्षेत तो जिवंतपणीच स्वतःचे पिंडदान करतो. ज्याचे श्राद्ध झाले त्याला घर नाही, कुळ नाही, आणि म्हणून वस्त्रही नाही. अंगावर भस्म आहे ते या मृत्यूचे. हा त्यागाचा अर्थ झाला. पण इतिहासात नाग्यांचे दुसरेही रूप दिसते. अठराव्या शतकातले गोसावी हे सावकार होते, व्यापारी होते आणि पगारी सैनिकही होते. अनूपगिरी ऊर्फ हिंमतबहादूर गोसावी नाग्यांची फौज बाळगून होता. पानिपतच्या तिसऱ्या लढाईत ही फौज शुजाउद्दौल्याबरोबर, म्हणजे मराठ्यांच्या विरुद्ध बाजूला होती, आणि पुढे त्याच हिंमतबहादुराशी महादजी शिंद्यांचा मैत्रीचा व वैराचा दीर्घ संबंध आला. अशा सैनिकाच्या उघड्या अंगातून दिसणारा अर्थ असा की या माणसाला मरणाचे भय उरलेले नाही, तेव्हा इतरांनी त्याचे भय बाळगावे. कुंभातल्या मिरवणुकीत आजही भाले आणि तलवारी असतात. पुढे कोण, मागे कोण, कोणाला किती वेळ, हे ठरलेले असते आणि त्यावरून वादही होतात. एरवी अनेक नागा साधू वस्त्र पांघरतात. पर्वाच्या दिवशी ते ते उतरवतात. त्या दिवशीची नग्नता ही एका अर्थाने दरबारी पोशाखासारखी असते. तिच्यात मान आहे, क्रम आहे, आणि मिरवणुकीची वाट मोकळी करून देणारी राजसत्ता आहे. या स्नानाला दीर्घकाळ 'शाही' म्हटले गेले, ते उगाच नव्हे.

मान कोणाला, हे पाहायचे तर स्त्रियांकडे पाहावे. नागा संन्यासिनी असतात; पण मिरवणुकीत त्या 'गंती' नावाचे न शिवलेले एकच वस्त्र धारण करतात. २०१५ च्या सिंहस्थात स्त्रियांच्या 'परी आखाड्या'ने स्वतंत्र जागा आणि स्नानाची स्वतंत्र वेळ मागितली, तेव्हा तेरा आखाड्यांच्या व्यवस्थेत चौदाव्याला, त्यातही स्त्रियांच्या आखाड्याला, स्थान मिळाले नाही. दिगंबर जैन परंपरेतही हाच पेच तत्त्वज्ञानाच्या पातळीवर आहे. मुनी निर्वस्त्र, आर्यिका मात्र श्वेत साडीत. आणि वस्त्राचा संपूर्ण त्याग स्त्रीला शक्य नाही म्हणून त्याच देहाने तिला मोक्षही नाही, असा दिगंबर सिद्धांत आहे. धर्माने मान्य केलेल्या नग्नतेतही कर्तेपणाचा हक्क पुरुषाकडेच राहिला, ही गोष्ट विसरून 'आपल्याकडे हे पहिल्यापासूनच आहे' असे म्हणता येत नाही.

तरीही जैन मुनींचे उदाहरण नाग्यांपेक्षा वेगळे आहे आणि आपल्या विषयाला अधिक जवळचे आहे. मांगीतुंगी आणि गजपंथ ही दोन दिगंबर तीर्थे नाशिक जिल्ह्यातच असल्याने मुनींचा पायी विहार येथील रस्त्यांना परिचित आहे. मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू एवढाच परिग्रह. शस्त्र नाही, वाहन नाही. बेळगावकडच्या भोज गावच्या परिसरात १८७२ मध्ये जन्मलेले आचार्य शांतिसागर यांनी १९२० मध्ये मुनिदीक्षा घेतली आणि त्या दशकाच्या अखेरीस संघासह दक्षिणेतून उत्तरेकडे विहार केला. जेथे अनेक पिढ्यांनी दिगंबर मुनी पाहिलाच नव्हता अशा शहरांतून ते चालत गेले. १९५५ मध्ये कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखनेने देह ठेवला. या नग्नतेत दरारा नाही. पायाखाली किडामुंगी चिरडू नये म्हणून जपून चालणारे ते शरीर आहे. स्वतःचेही कोणी रक्षण करावे अशी त्याची मागणी नाही.

इंग्रजी कायद्याने या चित्रात एक नवी रेघ ओढली. १८६० च्या भारतीय दंडविधानातील कलम २९४ अन्वये सार्वजनिक जागी इतरांना उपद्रव होईल असे अश्लील कृत्य हा गुन्हा ठरला. दुसरीकडे १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन दिलेले. त्यामुळे समूहाने, पर्वकाळी, ठरलेल्या वाटेने निघालेली नग्नता धर्म म्हणून सांभाळली जाई. एकटा उघडा माणूस मात्र पोलिसांच्या हाती सापडे. याचे मोठे बोलके उदाहरण शेगावच्या गजानन महाराजांच्या चरित्रात आहे. महाराजांनी कावनईच्या कपिलधारेला बारा वर्षे तप केले अशी भक्तांची श्रद्धा असल्याने घोटीच्या वाटेने येणाऱ्यांत त्यांचे भक्तही असतात. १८७८ मध्ये शेगावी प्रकटलेले महाराज दिगंबरावस्थेत वावरत. दासगणूंनी १९३९ मध्ये पूर्ण केलेल्या 'श्रीगजाननविजय' ग्रंथात एक प्रसंग येतो. महाराज नग्न स्थितीत आगगाडीच्या डब्यात बसले, स्त्रिया घाबरल्या, तक्रार झाली, खटला उभा राहिला. त्यांना नेसवलेले धोतर त्यांनी फेकून दिले. न्यायाधीशाने अखेर दंड केला तो महाराजांना नव्हे, तर त्यांना तशा स्थितीत गाडीत बसवणाऱ्या शिष्याला. भक्तीच्या ग्रंथातला हा प्रसंग कायद्याच्या दृष्टीनेही नमुनेदार आहे. देहभान नसलेल्याला गुन्हेगार ठरवता येत नाही आणि डब्यातल्या स्त्रियांचे भयही खोटे म्हणता येत नाही. रेल्वेचा डबा ही नव्या प्रकारची सार्वजनिक जागा होती. तेथे सगळे एकमेकांना अनोळखी होते, आणि अनोळखी माणसाचे उघडे शरीर म्हणजे काय समजायचे, याचा नियम कोणत्याच परंपरेने घालून दिलेला नव्हता.

ज्या काळात शेगावी हे घडत होते, त्याच काळात मुंबई इलाख्यात नग्नतेचा एक अगदी निराळा प्रयोग झाला, आणि तो आपल्या फारशा स्मरणात नाही. १८९१ मध्ये चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड या जिल्हा व सत्र न्यायाधीशाने 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट' या नावाची मंडळी स्थापन केली. ठिकाण माथेरान; सभासद तीन, स्वतः क्रॉफर्ड आणि एका मिशनऱ्याचे दोन पुत्र. आधुनिक अर्थाने विवस्त्रतावाद्यांची ही जगातली पहिली ज्ञात संस्था मानली जाते. क्रॉफर्डची रत्नागिरीला बदली झाली, १८९४ मध्ये तो वारला आणि संस्था विरून गेली. अश्लीलतेचे कलम ज्याच्या हाती होते असा न्यायाधीश स्वतः डोंगरावर वस्त्रे उतरवतो, यात विसंगती दिसली तरी एक सुसंगतीही आहे. त्याची नग्नता खाजगी होती. रस्त्यावर यावे, कोणाला काही सांगावे, असा तिचा हेतू नव्हता.

तो हेतू मराठीत आणला र. धों. कर्व्यांनी. १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे चालवलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाच्या मुखपृष्ठावर ते नग्न स्त्रीचे चित्र छापत. उघडे शरीर स्वभावतः अश्लील नसते, अश्लीलता पाहणाऱ्याच्या मनात असते, अशी त्यांची भूमिका होती. खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. पुढे २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केवळ नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे असे म्हटले, तेव्हा कर्व्यांची बाजू ऐंशी वर्षांनी न्यायालयात पोचली असे म्हणायला हरकत नाही. मात्र कर्व्यांचा युक्तिवादही पाहणाऱ्याविषयी होता. जिचे चित्र छापले तिला काय म्हणायचे आहे, हा प्रश्न त्यात नव्हता.

या पार्श्वभूमीवर सायकलफेरीकडे वळू. स्पेनमधल्या झारागोझा शहरात २००१ मध्ये सायकलस्वारांनी विवस्त्र निदर्शन केले होते. कॅनडातील व्हँकूवरच्या कॉनराड श्मिट यांनी त्या कल्पनेला जागतिक रूप दिले आणि १२ जून २००४ रोजी दहा देशांतील अठ्ठावीस शहरांत एकाच दिवशी फेऱ्या निघाल्या. इराक युद्धाचे ते दिवस होते. तेलावर अवलंबून असलेली जीवनपद्धती, तिच्यासाठी होणारी युद्धे आणि त्याच तेलावर धावणाऱ्या मोटारींपुढे सायकलस्वाराचे क्षुल्लक ठरणे, या तिन्हींचा निषेध त्यात एकत्र आला. मोटारीच्या पत्र्याआड बसलेल्याला सायकलवरचा माणूस दिसत नाही. मग त्याला दिसेल असे काय करावे, तर त्याच्यापुढे केवळ कातडी ठेवावी. हे त्यामागचे साधे तर्कशास्त्र. पूर्ण विवस्त्र होण्याची सक्ती नसते. ज्याला जेवढे झेपेल तेवढे त्याने उघडे व्हावे. बागेत जमायचे, अंगावर रंगाने घोषणा लिहायच्या, पोलिसांशी ठरवलेल्या मार्गाने शहरातून जायचे आणि परत येऊन कपडे घालायचे, असा सगळा क्रम असतो.

हा क्रम वाचताना त्र्यंबकची आठवण होते, आणि तेथे साम्य खरेच आहे. दिवस ठरलेला, वाट ठरलेली, समूह मोठा, शरीरावर भस्म नाहीतर रंग, आणि दुतर्फा पोलीस. इंग्लंडमध्ये २००३ च्या कायद्यानुसार दुसऱ्याला घाबरवण्याचा वा त्रास देण्याचा हेतू असेल तरच अंगप्रदर्शन गुन्हा ठरते, त्यामुळे तेथे फेरी बिनघोर निघते. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात २००८ मध्ये एका विवस्त्र सायकलस्वाराला सोडून देताना न्यायाधीशांनी, या शहरात ही आता रुळलेली परंपराच आहे, असे कारण दिले. तेथली पहिली फेरी जेमतेम चार वर्षांपूर्वीची! परंपरा व्हायला किती काळ लागतो, या प्रश्नाचे उत्तर बहुधा काळात नसतेच. पुरेशी माणसे एकत्र आली आणि सत्तेने वाट मोकळी करून दिली की परंपरा होते. सिंहस्थाच्या इतिहासानेही आपल्याला तेच सांगितले आहे.

भेद मात्र साम्यापेक्षा मोठा आहे. नाग्याची नग्नता सांगते की मी देहाच्या पलीकडे गेलो, आता मला इजा होऊ शकत नाही. सायकलस्वाराची नग्नता याच्या नेमके उलट सांगते. मला इजा होऊ शकते; माझे हाड मोडते, कातडी फाटते; तुमच्या बंपरपुढे मी एवढाच आहे. पहिलीत त्यागाने मिळालेला अधिकार आहे, दुसरीत नागरिकाने मांडलेली तक्रार आहे. पहिलीत क्रम आहे. दुसरीत पुढे-मागे कोण, याला महत्त्व नाही, आणि स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने असतात. या अर्थाने ती नाग्यांपेक्षा जैन मुनीच्या चालण्याला जवळची आहे, एवढाच फरक की मुनीला स्वतःसाठी काही मागायचे नसते.

येथवर आपण 'नग्न होण्या'चा इतिहास पाहिला. पण महाराष्ट्रात 'नागवले जाण्या'चाही इतिहास आहे आणि तो डावलून हा विषय पुरा होत नाही. परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावात १९७२ मध्ये बौद्ध स्त्रियांची वस्त्रे फेडून त्यांची धिंड काढण्यात आली. त्याच वर्षी 'साधना'च्या स्वातंत्र्यदिन अंकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला कायद्याने सांगितलेली शिक्षा आणि दलित स्त्रीचे वस्त्र फेडणाऱ्याला होणारी शिक्षा यांची तुलना त्यांनी केली आणि महाराष्ट्र हादरला. दलित पँथरच्या आरंभकाळातला तो निर्णायक क्षण होता. धिंड हीदेखील मिरवणूकच असते. तिलाही वाट असते, समूह असतो, दुतर्फा पाहणारे असतात. फक्त तिच्यात वस्त्र उतरवण्याचे क्रियापद दुसऱ्याच्या हाती असते.

कायद्याच्या इतिहासात या दोन क्रियापदांतले अंतर वर्षांत मोजता येते. अश्लील कृत्य १८६० पासून गुन्हा होते. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचे वस्त्र बळाने उतरवणे वा तिची नग्न धिंड काढणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून लिहिला गेला १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात. कोणत्याही स्त्रीला विवस्त्र करण्याच्या उद्देशाने केलेला हल्ला दंडविधानात वेगळ्या कलमाने आला तो २०१३ मध्ये. विनयभंगाचे सर्वसाधारण कलम आधीपासून होते. पण 'विवस्त्र करणे' या कृतीला तिचे नाव मिळायला दीड शतक लागले. दरम्यान १९९६ मध्ये 'बँडिट क्वीन' चित्रपटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, नग्न धिंडीचे दृश्य वासना चाळवत नाही, ते पाहणाऱ्याच्या मनात करणाऱ्याविषयी किळस उत्पन्न करते, असे म्हणून हा भेद ओळखला होता.

आणि एकदा हा भेद रस्त्यावरच उलटवला गेला. १५ जुलै २००४ रोजी, म्हणजे पहिल्या जागतिक सायकलफेरीनंतर जेमतेम महिन्याभराने, इम्फाळला बारा मणिपुरी स्त्रिया कांगला किल्ल्यासमोर विवस्त्र उभ्या राहिल्या. थांगजाम मनोरमा या तरुणीला आसाम रायफल्सच्या जवानांनी घरातून नेले होते आणि नंतर तिचे छिन्नविच्छिन्न शव सापडले होते. या स्त्रिया प्रौढ होत्या, मुलाबाळांच्या आया होत्या. जे तुम्ही बळाने कराल ते आम्हीच केले आहे, आता तुमच्याकडे काय उरले, असा त्या उभे राहण्याचा अर्थ होता. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात आसाम रायफल्सने कांगला सोडले. येथे 'नागवणे' हे क्रियापद हिसकावून घेऊन त्याचे 'होणे' केले गेले. पण त्याच मणिपुरात मे २०२३ मध्ये जमावाने दोन स्त्रियांची नग्न धिंड काढली. हिसकावून घेतलेले क्रियापद पुन्हा हिसकावले जाऊ शकते, हेही इतिहासाने दाखवून दिले.

म्हणून नाशिकच्या वा पुण्याच्या रस्त्यावर अशी सायकलफेरी निघावी काय, या प्रश्नाला संस्कृतीच्या नावाने दिलेले उत्तर अपुरे वाटते. संस्कृतीत तिला आधारही सापडेल आणि विरोधही. अडचण वेगळी आहे. ही फेरी असा नागरिक गृहीत धरते की ज्याचे वस्त्र त्याच्या इच्छेविरुद्ध कोणी उतरवणार नाही. म्हणूनच तो ते स्वेच्छेने उतरवू शकतो आणि सायंकाळी पुन्हा घालू शकतो. आपल्याकडे ही खात्री सर्वांना सारखी नाही. जिच्या आजीने धिंडीची गोष्ट ऐकली आहे, तिच्यासाठी वस्त्र हा पुढारलेपणाला आडवा येणारा संकोच नसतो. मिळवलेली गोष्ट असते. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना स्वच्छ, नीटनेटके कपडे घालण्याचा आग्रह धरला, तो याच जाणिवेतून.

मात्र फेरीचे साधन स्वीकारता आले नाही तरी तिची तक्रार आपलीही आहे, आणि येथे पुन्हा घोटीच्या रस्त्यावर यावे लागते. मुंबईहून शिर्डीला पायी निघालेल्या पालख्या याच रस्त्याने येतात आणि घोटीहून सिन्नरच्या वाटेला लागतात. पहाटे दूध घेऊन येणारा, शाळेत जाणारा, भातगिरणीत कामाला निघालेला सायकलवरच असतो. नाशिकच्या सायकलस्वारांनी नावही कमावले आहे; डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिककर बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातर्फे 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी जाते, तीत शेकडो माणसे एका रंगाचे अंगरखे घालून निघतात. परंतु हमरस्त्यावर या सगळ्यांची स्थिती सारखीच आहे. कडेच्या पांढऱ्या पट्ट्याबाहेरची वीतभर जागा, आणि शेजारून जाणारा मालमोटारीचा वारा. २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मेली, असे केंद्र सरकारची आकडेवारी सांगते. अंगात कपडे असूनही रस्त्यावर ही माणसे उघडीच होती.

५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पुरा झाला. तो याच तालुक्यातून जातो. त्यावर सायकलला प्रवेश नाही, दुचाकीलाही नाही. वेगवान रस्त्यावर ते सयुक्तिकही आहे. पण मग ज्या रस्त्यावर प्रवेश आहे, त्यावर सायकलसाठी जागा राखणे हे त्याच शासनाचे कर्तव्य ठरते, आणि ते झालेले दिसत नाही.

२०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात पुन्हा सिंहस्थाची मुख्य स्नाने आहेत. रस्ते रुंद होतील, वाटा बदलतील, मिरवणुकीसाठी काही तास सगळी वाहतूक थांबेल. दिगंबर शरीरांसाठी राज्य हे सगळे करू शकते, हे पेशव्यांच्या काळापासून सिद्ध आहे. ते करताना कपडे घातलेल्या सामान्य माणसाचे काय होते, हेही आपण पाहिले आहे; २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवरच्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. बारा वर्षांनी एकदा वाट मोकळी करून देणे हा उत्सव आहे. रोज सकाळी घोटीच्या शाळेत सायकलने जाणाऱ्या मुलीसाठी दोन हात रुंद वाट राखणे, हा राज्यकारभार आहे. त्यासाठी तिला कोणाचे लक्ष वेधून घ्यावे लागू नये. गणवेशात, दप्तर पाठीला लावून जाणाऱ्या तिच्याकडेही, आपले शरीर चाकाखाली येऊ शकते एवढे एकच सांगण्यासारखे आहे.